खळ

सकाळी आधी चहा, मग खळ.
पातेलं एकच आहे, म्हणून हा क्रम.
एकदा उलटं झालं, तेव्हा शेजारचा गोचा
घोट घेऊन बराच वेळ ओठ मिटून बसला,
मग म्हणाला, गुरांदा, आज तू मला
कशावर तरी चिकटवणार आहेस.

तिबिलिसीत, सोलोलाकीच्या चढावर माझी खोली.
बाल्कनी कललेली, पेन्सिल ठेवली
की नदीच्या दिशेने घरंगळते.
तिला अडवायला विश्वकोशाचा सातवा खंड ठेवलाय,
त्यातले सगळे मासे कापून झाल्यावर.

शनिवारी कोरड्या पुलावर जाते.
पाणी कधीच आटलं, पूल तेवढा राहिला.
रोमानोझ तिथे चादर पसरून बसतो:
पदकं, चमचे, दंतवैद्याचे चिमटे
आणि अल्बम.
घे, आख्खं लग्न आहे, पाच लारी.
मी घासाघीस करते
आणि साडेतीन लारीत
वऱ्हाड काखेत मारून घरी येते.

लोक विचारतात, कापताना हात कापत नाही?
कापतो ना.
म्हणून तर दर मंगळवारी पातं बदलते.

यंदा बेकरीवाल्याचं कॅलेंडर केलं.
मार्च परत आला.
त्याच्या सासूला ढगात उडणारा पाव पटला नाही,
अन्न असं अधांतरी ठेवू नये म्हणाली.
तिचं बरोबर असेल. मी खाली एक टेबल चिकटवलं.
भिंतीवरचं मोठं काम तीन वर्षं अडलंय.
नुसते हात, दोनशे चौदा,
कोणाच्या तरी खांद्यावर ठेवलेले,
आणि खांदे मी घेतलेच नाहीत.

नोव्हेंबरात तारिएल आला, पाकीट घेऊन.
शाळेतले मास्तर, पाच जण, सन छत्तीस.
डावीकडून दुसऱ्याच्या जागी भोक.
आजोबा, तो म्हणाला.
ज्या रात्री नेलं, त्याच रात्री आजीने कापला,
नखं काढायच्या कात्रीने.
बाकीचे चौघे तरी घरात ठेवता यावेत म्हणून.
तुमच्याकडे चेहरे असतात असं ऐकलं.
एखादा बसवून द्या.

मी बुटांची खोकी काढली.
मिशीवाले, बिनमिशीचे,
शिंक येण्याच्या बेतात असलेला एक.
एका लग्नातला ढोलवाला नेमका बसला,
कानाला कान, सावलीला सावली.
तारिएल पाहत राहिला.
चांगला माणूस दिसतो, म्हणाला,
पण दार उघडायला हा गेला नव्हता.

मी ढोलवाल्याला चिमट्याने उचललं.
मग भिंग घेतलं, उगाच, सवयीने,
आणि तेव्हा ती कड दिसली.
शेजाऱ्याच्या कानाला धक्का नाही.
हनुवटीखाली कात्री थांबलीय, वळलीय,
टायची गाठ तेवढी मागे ठेवून.
पन्नास वर्षं हेच करते मी,
मला अशी वळवता आली नसती,
दिवसाउजेडी, रेडिओ लावून, दाराला कडी घालून.

तारिएलला गाठ दाखवली.
त्याने कधी पाहिली नव्हती.
भिंग परत दिलं नाही बराच वेळ.

भोक तसंच ठेवलं.
पाठीमागून तलम कागद लावला फक्त,
कडा दुमडू नयेत म्हणून. खळ पातळ, दोन हात.
पैसे नको म्हटलं तर
जोंजोलीच्या लोणच्याची बरणी टेबलावर ठेवून गेला,
खारट, फार खारट.

ढोलवाला अजून टेबलावर आहे.
खोक्यात परत घालवत नाही त्याला.
त्याच्या लग्नातले हात भिंतीवर आहेत,
त्यात त्याचेही असतील, बघायला हवं.

रात्री पातेलं घासलं.
परत घासलं.
उद्या गोचा येणार आहे चहाला.